किशोरवयीन मुलांमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण मोजायचं कसं? आकडे ७ टक्क्यांपासून ५० पर्यंत कसे काय?

प्रबंधग्रस्त

नमस्कार मंडळी. मानसशास्त्रात एमए करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय ठरलाय १३ ते १७ वयाच्या मुलामुलींमध्ये नैराश्य, चिंता वगैरे नेहमीच्या मानसिक समस्यांचं प्रमाण किती. ऐकायला सरळ आहे, शाळांमध्ये जायचं, फॉर्म भरून घ्यायचे, टक्केवारी काढायची. पण आधीचे अभ्यास वाचायला घेतले आणि डोकं गरगरायला लागलंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते १० ते १९ वयात सातातल्या एकाला काही ना काही मानसिक आजार असतो. २०१५ मध्ये पोलान्झिक आणि सहकाऱ्यांनी २७ देशांतले ४१ अभ्यास एकत्र केले, मुलं आणि किशोर धरून, त्यात १३.४ टक्के. ठीक, हे दोन साधारण जुळतात. मग अमेरिकेतला २०१० चा मोठा अभ्यास उघडला, १३ ते १८ वयाची दहा हजारांवर मुलं, तिथे थेट ४९.५ टक्के! भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाला ७.३. आणि कोविड काळातले २९ अभ्यास एकत्र केलेला २०२१ चा पेपर म्हणतो साधारण चारातल्या एकाला नैराश्याची लक्षणं आणि पाचातल्या एकाला चिंतेची.

आता यातला कुठला धरू? आणि माझं उत्तर १० आलं काय किंवा ३० आलं काय, ते बरोबर आहे हे मला कळणार कसं?

बाकीच्या शंका पण इथेच टाकते. प्रश्नावली कुठली घेऊ, पीएचक्यू-९ (नैराश्याचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण) आणि जीएडी-७ (चिंतेचे सात) डोक्यात आहेत कारण छोट्या आहेत आणि फुकट आहेत, पण कोणीतरी एसडीक्यू (मुलांच्या एकूण अडचणींची प्रश्नावली) घे म्हणालं. सर म्हणतात ३०० मुलं पुरे. आणि सगळ्यात जास्त टेन्शन याचं की पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न, मरून गेलेलं बरं असे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का, तिथे एखाद्या मुलाने "जवळजवळ रोज" वर खूण केली तर मी काय करायचं? सर म्हणाले निनावी घे म्हणजे प्रश्नच उरत नाही. मला ते काही पटत नाहीये.

जुना_गणिती

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, यातले सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात कारण ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. ४९.५ हे "आजवरच्या आयुष्यात कधीतरी" आहे, आत्ताचं नाही. त्यात फोबिया आले, दारू-ड्रग्ज आले, वागणुकीच्या समस्या आल्या, सगळं आलं. त्याच अभ्यासात ज्यांना त्यामुळे रोजच्या जगण्यात गंभीर अडचण आली अशी मुलं मोजली तर २२ टक्क्यांच्या आसपास उरतात, तेही आयुष्यभराचंच. कोविडवाला पेपर म्हणजे प्रश्नावलीवर ठराविक गुणांच्या वर गेलेली मुलं, डॉक्टरने बसून निदान केलेली नाहीत. आणि ७.३ हा घरोघरी जाऊन घेतलेल्या मुलाखतींमधून आलाय, त्यात आजाराचे निकष पुरे व्हावे लागतात. शिवाय घरात मुलाखत म्हटली की आजूबाजूला घरचे वावरत असतात, तिथे १५ वर्षांचं पोरगं किती बोलेल हे तुम्हीच ठरवा.

म्हणून कागदावर पहिलं वाक्य हे लिहा की तुमच्या अभ्यासात "केस" कशाला म्हणणार. लक्षणं आहेत एवढंच पुरे? आजाराचे निकष पूर्ण हवेत? की निकषही हवेत आणि शाळा, घर, मित्र यात अडायलाही हवं? आणि कुठल्या काळातलं, गेल्या दोन आठवड्यांतलं, वर्षभरातलं की कधीतरीचं? हे चार शब्द बदलले की त्याच वर्गातल्या त्याच मुलांचा आकडा तिप्पट होतो, मुलांमध्ये काहीही न बदलता. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त प्रबंधांमध्ये हे वाक्यच सापडत नाही, थेट पाय चार्ट.

३०० बद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

तिरका_बाण

मी यातला तज्ज्ञ नाही, दोन टीनएजर पोरांचा बाप आहे एवढीच पात्रता. पण मला हे सगळं वाचून एक कळत नाही, या वयात मूड वरखाली होणार, दार धाडकन आपटणार, दिवसभर तोंड पाडून बसणार, हे सगळं होणारच ना? त्याला फॉर्म दिला की तो सगळ्यावर खूण करणार आणि तुम्ही म्हणणार बघा पंचवीस टक्के आजारी. अशाने उद्या नॉर्मल पोरगं शोधायला सर्व्हे करावा लागेल. चिडू नका, खरंच विचारतोय.

रेवा_समुपदेशन

@तिरका_बाण चिडत नाहीये दादा, प्रश्न बरोबरच आहे आणि जुना आहे. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर मायकेल रटर आणि त्यांच्या टीमने १९६४-६५ मध्ये १०-११ वर्षांच्या सगळ्या मुलांचा अभ्यास केला आणि तीच मुलं १४-१५ ची झाल्यावर परत गाठली. १९७६ च्या त्यांच्या पेपरचा विषयच हा, किशोरवयातली खळबळ खरी की नुसती समजूत. त्यात असं दिसलं की आईबापांशी पार फाटलंय, संबंधच तुटलेत असं फार कमी घरांत होतं. पण आतून उदास वाटतं, आपण कोणी नाही असं वाटतं, हे मुलांनी स्वतः बरंच सांगितलं आणि मोठ्यांना त्याचा पत्ता नव्हता. आणि तरीसुद्धा निदान करण्यासारखा आजार लहान वयापेक्षा थोडाच जास्त निघाला. म्हणजे तुमचं अर्धं बरोबर, उदास वाटणाऱ्या सगळ्यांना आजार नसतो. पण दार आपटणारा पोरगा दिसतो तरी, माझ्याकडे येतात त्यातली बरीच मुलं कधीच दार आपटत नाहीत. मार्क चांगले, वागणं चांगलं, आणि रात्री तीनपर्यंत झोप नाही.

आणि थांबून बघू म्हणण्यातही एक गोची आहे. २०२२ मध्ये १९२ अभ्यास एकत्र करून हे आजार कुठल्या वयात सुरू होतात ते पाहिलं गेलं. सुमारे एक तृतीयांश १४ च्या आत, जवळजवळ निम्मे १८ च्या आत, आणि सगळ्यात जास्त सुरुवात साडेचौदाच्या आसपास. म्हणून या वयात मोजायचं, पोरांना लेबल लावायची हौस म्हणून नाही.

@प्रबंधग्रस्त आता तुझा चौथा प्रश्न, तो खरं तर पहिला असायला हवा. निनावी घे म्हणणं म्हणजे आपली सोय बघणं. एखादी मुलगी कागदावर लिहिते की रोज मरावंसं वाटतं, कदाचित पहिल्यांदाच कोणाला सांगत असेल, आणि तो कागद तू गठ्ठ्यात टाकून एक्सेलमध्ये ३ आकडा भरणार? निनावी फॉर्म घ्यायचाच असेल तर नववा प्रश्न काढलेली आठ प्रश्नांची आवृत्ती आहे, पीएचक्यू-८, ती वापर. पण नववा प्रश्न विचारणार असशील तर हे आधी ठरलेलं पाहिजे: नावाऐवजी कोड नंबर, कोड आणि नाव जुळवणारी यादी फक्त एका जबाबदार माणसाकडे, शाळेतून बाहेर पडायच्या आत प्रत्येक फॉर्मचं नववं उत्तर बघायचं, शून्य सोडून काहीही असेल त्या मुलाशी त्याच दिवशी प्रशिक्षित माणूस बोलणार, आणि पुढे कुणाकडे पाठवायचं त्या व्यक्तीशी आधीच बोलणं झालेलं असणार. "गरज वाटल्यास रेफर करू" असं प्रस्तावात लिहून भागत नाही, कोण, कुठे, कधी भेटणार ते लिही. आणि हे मुलांना फॉर्म वाटायच्या आधी स्पष्ट सांगायचं, तुमची उत्तरं गुप्त राहतील पण जीवाला धोका आहे असं वाटलं तर आम्ही गप्प बसणार नाही.

लोक घाबरतात की विचारल्याने डोक्यात येईल. २००५ मध्ये यावर नीट प्रयोग झालाय, सहा हायस्कूलमधली २,३४२ मुलं, अर्ध्यांना आत्महत्येबद्दलचे प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. विचारलेल्या गटात त्रास किंवा तसे विचार वाढले नाहीत. एथिक्स कमिटीत कोणी हे काढलं तर हा अभ्यास पुढे कर.

जुना_गणिती

रेवाताईंचं सगळं मान्य, फक्त एक किंमत मोजावी लागते ती सांगून ठेवतो. "गप्प बसणार नाही" असं आधी सांगितलं की काही मुलं सरळ शून्यावर खूण करून मोकळी होणार, म्हणजे त्या प्रश्नाचा आकडा खरा आहे त्यापेक्षा कमी येणार.

रेवा_समुपदेशन

येऊ दे कमी. माहीत असून फसवून काढलेला अचूक आकडा मला नकोय. प्रबंधात मर्यादा म्हणून लिहायचं, झालं.

जुना_गणिती

भांडत नाहीये, मर्यादा म्हणून लिहा हेच म्हणत होतो. आता प्रश्नावलीकडे, कारण तिरक्या बाणाच्या शंकेला गणितात उत्तर आहे आणि ते बहुतेकांना माहीत नसतं.

प्रश्नावली ही चाळणी आहे, तिच्यातून धान्याबरोबर खडेही खाली पडतात. २०१० मध्ये १३ ते १७ वयाच्या मुलांवर पीएचक्यू-९ तपासून पाहिली, ११ किंवा जास्त गुण ही रेघ धरून. ज्यांना खरंच मोठं नैराश्य होतं त्यातली ८९.५ टक्के मुलं तिने पकडली, आणि ज्यांना नव्हतं त्यातली ७७.५ टक्के बरोबर सोडली. ऐकायला झकास. आता १,००० मुलं घ्या आणि समजा खरं प्रमाण ५ टक्के आहे. ५० मुलांना आजार, त्यातली ४५ पकडली गेली. उरलेल्या ९५० पैकी साडेबावीस टक्के चुकून रेघेच्या वर आली, म्हणजे २१४. एकूण २५९. तुम्ही प्रबंधात लिहिणार "२६ टक्के मुलांमध्ये नैराश्य", वर्तमानपत्रात मथळा, आणि खरं प्रमाण ५! वर आलेल्या प्रत्येक सहा मुलांत जेमतेम एकाला तो आजार. हे फक्त कागदावरचं गणित नाही, २०२० मध्ये ४४ अभ्यासांचा डेटा एकत्र करून पीएचक्यू-९ वर १० किंवा जास्त गुण आलेले लोक आणि नीट मुलाखत घेऊन निदान झालेले लोक यांची तुलना झाली, २४.६ विरुद्ध १२.१ टक्के. दुप्पट. आणि तिथे तर मुख्यतः दवाखान्यात, हॉस्पिटलात आलेली माणसं होती जिथे खरं प्रमाण मुळातच जास्त असतं, शाळेत फरक याहून मोठा पडेल.

यावर दोन उपाय आहेत. एक, दोन टप्प्यांत करायचं, रटरने तेच केलं होतं. आधी सगळ्यांना प्रश्नावली, मग वर आलेल्या सगळ्यांची आणि वर न आलेल्यांपैकी काहींची सविस्तर मुलाखत. हे "वर न आलेल्यांपैकी काही" लोक विसरतात आणि मग चाळणीतून सुटलेले कधी कळतच नाहीत. पण इथेही जपून, वरच्याच उदाहरणात ७४१ मुलं वर आली नाहीत, त्यात ५ खरी आजारी लपलेली आहेत. दहातल्या एकाची मुलाखत घेतलीत, म्हणजे ७४ जणांची, तर त्यात एकही सापडणार नाही किंवा एखादा सापडेल आणि तो दहा म्हणून मोजला जाईल. एका मुलावर अख्खा आकडा हलतो. दुसरा उपाय, सूत्राने दुरुस्ती, १९७८ मधलं रोगन आणि ग्लेडन यांचं. दिसलेलं प्रमाण अधिक चाळणीने निरोगींना बरोबर सोडायचं प्रमाण उणे १, भागिले पकडायचं आणि सोडायचं या दोन्ही प्रमाणांची बेरीज उणे १. आकडे टाकून बघा, ०.२५८५ वरून ०.०५ परत मिळतं.

प्रबंधग्रस्त

बापरे. मी पायलट म्हणून एका वर्गाचे ५० फॉर्म आधीच भरून घेतलेत (परवानगी वगैरे सगळी रीतसर, आणि रेवाताई, आठ प्रश्नांचीच आवृत्ती होती), ११ च्या वर ९ मुलं, म्हणजे १८ टक्के. तुमचं सूत्र लावलं तर उत्तर मायनस पावणेसात येतंय?? मायनस पावणेसात टक्के मुलांना नैराश्य आहे असं लिहू का 😭

जुना_गणिती

हाहा, लिहा, गाईडचा चेहरा बघण्यासारखा होईल. पण हेच फार शिकण्यासारखं आहे. मायनस येतंय याचा अर्थ त्या २०१० च्या अभ्यासातले ८९.५ आणि ७७.५ तुमच्या वर्गाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांनी लक्षणं असलेली मुलं मुद्दाम जास्त घेतली होती, अशा गटात "आजार नाही" म्हटलेली मुलंही बऱ्यापैकी त्रासातली असतात, मग चाळणी त्यांना चुकून वर आणते. तुमच्या साध्या वर्गात ती निरोगींना बहुतेक जास्त बरोबर सोडत असणार. आणि ५० मुलांत ९ म्हणजे खरं प्रमाण ९ ते ३१ टक्क्यांत कुठेही असू शकतं, शिवाय पीएचक्यू-९ ची रेघ पीएचक्यू-८ ला लावलीत तो भाग वेगळाच. चाळणीची अचूकता ही प्रश्नावलीला कायमची चिकटलेली नसते, कुठल्या मुलांवर, कुठल्या भाषेत, कुठल्या रेघेवर तपासली त्यावर असते. तुमच्या भाषेतल्या आवृत्तीची अशी तपासणी झालेली आहे का ते आधी शोधा, नुसतं भाषांतर झालंय एवढ्यावर भागवू नका.

आता ३०० चं. समजा प्रमाण १५ टक्के असेल. सरळ चिठ्ठ्या टाकून ३०० मुलं निवडली तर उत्तर चार टक्के इकडेतिकडे, म्हणजे ११ ते १९. पण तुम्ही चिठ्ठ्या टाकणार नाही, अख्खे वर्ग उचलणार. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, तोच शिक्षक, तीच दादागिरी करणारी पोरं, तोच परीक्षेचा ताण. चाळीसच्या वर्गात हा सारखेपणा अगदी थोडा, ० ते १ च्या मापावर ०.०३ धरला तरी गुणक (किती पट जास्त मुलं लागतील तो) निघतो १ अधिक ३९ गुणिले ०.०३, म्हणजे २.१७. तुमच्या ३०० मुलांची किंमत १३८ च्या आसपास. उत्तर मग ९ ते २१ मध्ये कुठेही, आणि ते कशाला कोणी सर्व्हे करावा. तीन टक्क्यांपर्यंत अचूक हवं तर चिठ्ठ्या टाकून लागली असती ती ५४५ मुलं गुणिले २.१७, वर दहा टक्के मुलं नकार देतील किंवा अर्धवट भरतील ते धरून साधारण १,३१५.

पण तुम्ही एकट्या आहात, १,३०० होणार नाहीत, तर एक युक्ती. तेच ३०० घ्या पण साडेसात वर्ग अख्खे न घेता ३० वर्गांतून दहा-दहा मुलं. गुणक २.१७ वरून १.२७ वर येतो आणि उत्तर साडेचार टक्के इकडेतिकडे. चपला जास्त झिजतील एवढंच, फॉर्म तेवढेच.

फॉर्म_गोळा_करणारा

हे गणित मला अर्धंच कळलं पण मी अशा सर्व्हेंमध्ये फॉर्म वाटून गोळा करायचं काम बरीच वर्षं करतोय तर जमिनीवरचं सांगतो. आकडे बिघडतात ते इथे.

एका ठिकाणी फॉर्म गोळा करायला वर्गाच्या मॉनिटरला सांगितलं होतं, पोरगा घेता घेता वाचत होता आणि मागच्या बाकावरच्यांना डोळे मिचकावत होता. त्या वर्गाचे सगळे फॉर्म चकाचक, कोणालाच काही त्रास नाही, एकदम सुखी वर्ग. तेव्हापासून मी स्वतः पाकिटं देतो, मूल स्वतः पाकीट बंद करतं आणि डब्यात टाकतं. शिक्षकांना विनंती करून बाहेर थांबवायचं, नाही ऐकलं तर निदान पाठमोरे उभे राहा म्हणायचं. बाकावर दोघं बसतात तिथे एकाड एक बसवायचं. आणि पेन द्या, पेन्सिल नको. पेन्सिलचे फॉर्म उजेडात धरले की दिसतं, आधी २ ला गोल केलेला, खोडरबराने घासून घासून कागद पातळ झालेला, आणि वरून ० ला गोल, जाड. तो माणूस काय म्हणत होता ते एक्सेलमध्ये जात नाही. पेनने निदान खोडलेलं दिसतं तरी, आम्ही त्याची वेगळी नोंद ठेवतो.

दुसरं म्हणजे ३५ मिनिटांच्या तासात तीन प्रश्नावल्या कोंबू नका, शेवटच्या पानावर सगळी उत्तरं एकाच उभ्या रेषेत येतात. आणि परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर चिंतेचा आकडा वेगळा, सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी गेलात तर वेगळा, पीएचक्यू गेल्या दोन आठवड्यांचं विचारते ना. तारीख लिहून ठेवा.

प्रबंधग्रस्त

हे सोन्यासारखं आहे सगळं, खरंच. मग एसडीक्यूचं काय? त्यात पालक आणि शिक्षकांचा पण फॉर्म असतो म्हणे, तिघांचं घेतलं तर जास्त पक्कं होईल ना?

रेवा_समुपदेशन

एसडीक्यू चांगली आहे, रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये आणलेली, २५ प्रश्न, भावनिक त्रास, वागणूक, अतिचंचलपणा, सवंगड्यांशी संबंध आणि पाचवा भाग चांगल्या वागण्याचा. ११ वर्षांपासून पुढे मुलं स्वतः भरू शकतात. मला तिचं आवडतं ते हे की जोडीला परिणामांचा भाग आहे, या अडचणींमुळे घरी, मित्रांत, अभ्यासात किती अडतं ते विचारणारा. गणिती वर म्हणाले ना केस कशाला म्हणायचं, त्याला हा भाग कामी येतो. फक्त नैराश्य-चिंता एवढंच हवं असेल तर पीएचक्यू आणि जीएडी सरळ पडतात, मुलांचं एकूण बघायचं असेल तर एसडीक्यू.

तिघांचं घेतलं तर पक्कं होईल असं मात्र समजू नको, गोंधळ वाढेल. १९८७ मध्ये ११९ अभ्यासांचा आढावा घेतला गेला, आई आणि वडील यांची मूल कसं आहे याबद्दलची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, सहसंबंध ०.६० च्या आसपास (१ म्हणजे पूर्ण जुळणी, ० म्हणजे काहीच नाही). पण मूल स्वतःबद्दल काय सांगतं आणि मोठे त्याच्याबद्दल काय सांगतात, तिथे ०.२२. म्हणजे जवळजवळ वेगवेगळ्याच माणसाबद्दल बोलतायत. यात कोणी खोटं बोलत नसतं. मारामाऱ्या, उद्धटपणा, एका जागी न बसणं हे शिक्षकाला दिसतं, आतलं रडणं फक्त मुलाला माहीत असतं. तुझा विषय नैराश्य-चिंता आहे तर मुलाचं स्वतःचं उत्तर मुख्य धर. पालकांचं घेतलंस तर वेगळं दाखव, "दोघांपैकी कोणीही हो म्हटलं" की केस असं केलंस तर आकडा फुगेल आणि "दोघांनीही हो म्हटलं पाहिजे" केलंस तर जवळजवळ नाहीसा होईल.

आणि पालकांची संमती कशी घेणार आहेस? सही करून आणा म्हटलं की ज्या घरात आधीच सगळं विस्कटलेलं आहे त्याच घरातून सही येत नाही. सही घ्यायची नाही असं अजिबात म्हणत नाहीये, नियम तो नियम, शिवाय मुलाची स्वतःची हो हवीच. पण किती पत्रं गेली आणि किती परत आली हे वर्गवार लिहून ठेव.

तिरका_बाण

०.२२ वाचून गप्प झालो. घरी जाऊन पोरांकडे जरा संशयाने बघणार आहे आता, म्हणजे स्वतःकडेच.

प्रबंधग्रस्त

सरांशी आज बोलले. शीर्षक बदललं, "मानसिक आजारांचं प्रमाण" काढून "गेल्या दोन आठवड्यांतल्या नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचं स्व-अहवालावर आधारित प्रमाण" केलं. लांबलचक आहे पण सर म्हणाले चालेल. ३० वर्ग, प्रत्येकी १० मुलं, मोठी पीएचक्यू नववा प्रश्न धरून, आणि आमच्याच विभागातल्या क्लिनिकल शिकवणाऱ्या मॅडम प्रत्येक वेळी शाळेत हजर राहायला तयार झाल्यात. त्या ज्या दिवशी येऊ शकत नाहीत त्या दिवशी आम्ही जाणार नाही, एवढं पक्कं केलं. मुलाखतींचा दुसरा टप्पा जमणार नाही, तेवढी प्रशिक्षित माणसं नाहीत, ते मर्यादांमध्ये लिहीन.

शेवटची शंका, दहाच मुलं उठवायची तर बाकीचे म्हणणार ह्यांनाच का? आणि निवडलेला मुलगा त्या दिवशी आला नसेल तर त्याच्या शेजारचा घेतला तर चालतो का?

फॉर्म_गोळा_करणारा

ह्यांनाच का यावर उपाय सोपा, हजेरीपटाचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून वर्गासमोर डब्यातून काढायच्या, एखाद्या मुलालाच काढायला सांगा, पोरांना मजा पण येते आणि कोणी कोणाला हेरलंय असं वाटत नाही. शिक्षकांना मात्र निवडू देऊ नका, ते हुशार आणि शांत मुलं पुढे करतात, शाळेचं नाव राहावं म्हणून, किंवा उलट "हा बघा हा, याला काहीतरी आहे" करून एकालाच पुढे ढकलतात.

शेजारचा अजिबात घेऊ नका. जो वरचेवर गैरहजर असतो तोच बऱ्याचदा त्रासात असतो, पोटदुखी डोकेदुखी करून घरी बसलेला, त्याच्या जागी रोज येणारा घेतलात की तुमचा आकडा गुपचूप खाली येतो. त्याचं पाकीट कोड टाकून बाजूला ठेवा, आठवड्याने परत जा, नाही भेटला तर अजून एकदा. तरी नाही भेटला तर "निवडला, भेटला नाही" अशी नोंद करा, महिन्याभरातली हजेरी शाळेकडून मिळाली तर तीही लिहा. आणि परत जायच्या दिवशी तुमच्या मॅडमना पण घेऊन जा, एकट्या जाऊ नका.

जुना_गणिती

याला अनुमोदन. भेटलेली आणि न भेटलेली मुलं यांची हजेरी शेजारी शेजारी ठेवून एक छोटा तक्ता करा. आणि शाळा सोडून गेलेली मुलं तुमच्या हजेरीपटातच नाहीत, तेव्हा शीर्षकात "शाळेत जाणाऱ्या" हा शब्द घाला, आहे त्यापेक्षा अजून लांब होईल पण काय करता.